जोडनावेची कुळकथा

मुंबईच्या गेटवेवरून मांडव्यास जाणारा प्रवासी ‘कॅटामरान’चें तिकीट मागतो, तेव्हां आपण एक तामिळ शब्द इंग्रजी उच्चारानें बोलत आहों हें बहुधा त्याच्या गांवींहि नसतें. ‘कट्टु’ म्हणजे बांधणें व ‘मरम्’ म्हणजे झाड किंवा लांकूड. तेव्हां ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेलीं लांकडें, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मूळ वस्तूहि नांवाइतकीच साधी. चोलमंडलच्या किनाऱ्यावरील कोळी हलक्या लांकडाचे तीन, चार किंवा अधिक ओंडके शेजारीं शेजारीं ठेवून ते दोरीनें जखडीत, त्यांवर गुडघे टेकून बसत, आणि चपट्या फळीचें वल्हें करून तो तराफा लाटांपलीकडे घालीत. परत आल्यावर दोरी सोडून ओंडके वाळूंत वाळत टाकीत व पुन्हा निघतांना पुन्हा बांधीत. अलीकडे काचतंतूच्या होड्यांनीं पुष्कळ ठिकाणीं या तराफ्यांची जागा घेतली आहे.

इंग्रजी वाचकांस या तराफ्याची ओळख विल्यम डँपियर या दर्यावर्दी साहसी पुरुषानें १६९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत करून दिली. पुढें मद्रासेंत वसाहत केलेल्या इंग्रजांचें या ओंडक्यांवांचून चालेना. मद्रासला त्या काळीं बंदर असें नव्हतेंच. जहाजें किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभीं राहात, आणि मधल्या फुटत्या लाटांतून माणसें व माल काथ्यानें शिवलेल्या मसुला होड्यांतून ये-जा करी. समुद्र इतका खवळे कीं त्या होड्यांचीहि छाती होत नसे, अशा दिवशीं जहाजावरील कप्तानास चिठ्ठी पोंचविण्याचें काम कट्टुमरमवाल्याकडे येई. तो चिठ्ठ्या आपल्या टोंकदार टोपींत घालून निघे; लाटेनें त्यास फेंकून दिलें तर पोहत येऊन पुन्हा ओंडक्यावर चढे. तराफा बुडण्याचा प्रश्नच नसे. जेथें पोकळी नाहीं तेथें पाणी शिरणार कोठें? ओंडका हातचा सुटूं द्यावयाचा नाहीं, एवढी एकच गोष्ट त्यास पाळावी लागे.

शब्दाचें नशीब मात्र विचित्र. १८०४ मध्यें रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन यंत्रज्ञानें इंग्रज सरकारकरितां स्फोटक दारूनें भरलेल्या पेट्या तयार केल्या, व त्या बुलोनच्या बंदरांत उभ्या असलेल्या फ्रेंच गलबतांवर सोडण्यांत आल्या. या पेट्यांसहि ‘कॅटामरान’ हेंच नांव मिळालें. इंग्रजी बोलभाषेंत तर भांडखोर बाईस कॅटामरान म्हणण्याचा प्रघात पडला. शब्दाच्या पूर्वार्धांत इंग्रजांच्या कानांस मांजर ऐकूं आलें असावें, असा माझा तर्क आहे. असो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भटका शब्द दोन धडांच्या शिडाच्या नावेस जाऊन चिकटला, आणि तेथेंच राहिला. (नावेचा पाण्यांत राहणारा जो पोकळ भाग त्यास या लेखांत मी ‘धड’ म्हणणार आहें, व अशीं दोन धडें आडव्या तुळयांनीं जोडून केलेल्या नावेस ‘जोडनाव’.) मद्रासी तराफा आणि जोडनाव यांचें बांधलेपण सोडलें तर दोघांत नातें कांहीं नाहीं. आपल्याकडे चोल राजांच्या आरमाराची कथा या शब्दाच्या आधारावर उभी करण्याची हौस दिसते. चोलांची समुद्रावरील सत्ता मोठी होती यांत वाद नाहीं. पण ती सिद्ध करण्यास ओंडक्यांची साक्ष काढावी लागत नाहीं.

जोडनावेचें खरें माहेर पॅसिफिक महासागरांत आहे. १७७४ च्या एप्रिल महिन्यांत कॅप्टन कुक ताहिती बेटास पोंचला, तेव्हां तेथील सरदारांचें एक आरमार स्वारीच्या तयारीनें किनाऱ्याशीं लागलेलें त्यास दिसलें. त्यानें मोजदाद केली ती अशी: मोठ्या लढाऊ जोडनावा १६०, आणि त्यांच्या दिमतीस लहान नावा १७०. कुकबरोबर असलेल्या विल्यम हॉजेस या चित्रकारानें त्या देखाव्याचीं चित्रें काढलीं आहेत. तेथील लोकांनीं हें सारें दगडी तासण्यांनीं कोरून व नारळाच्या काथ्यानें बांधून उभें केलें होतें. आणि त्यांच्या पूर्वजांनीं असल्याच नावांतून हवाईपासून न्यूझीलंडपर्यंतचीं बेटें वसविलीं.

दोन धडें कां लागलीं, हें समजण्यास फारसें गणित नको. झाडाचें खोड कोरून केलेली होडी अरुंद असते. तिच्यावर शीड चढवलें कीं पहिल्याच वाऱ्यास ती आडवी होते. यावर माणसानें दोन उपाय शोधले. एक युरोपचा: नावेच्या तळाशीं भार ठेवावयाचा. आमचे कोंकणचे खलाशी या भारास नीरम म्हणतात. दुसरा उपाय बेटवासीयांचा: भार नको, रुंदी हवी. होडीच्या एका अंगास आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोंकास लांकडाचा तरंगता ओंडका जोडावा, अथवा होडीच्या शेजारीं दुसरी होडीच बांधावी. यांतील पहिली तऱ्हा रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांनीं पाहिलेली असेल. लहान होड्यांस लावतात ती उलांडी हीच.

आतां या दोन उपायांत एक मोठा भेद आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या भेदावर फिरतो. तळाशीं भार असलेली नाव म्हणजे बुडाशीं शिसें भरलेली बाहुली. वाऱ्यानें ती सहज कलते; पण जों जों कलते तों तों तिचा भार तिला अधिक जोरानें सरळ करूं पाहतो. जोडनाव म्हणजे पाय फांकून उभा राहिलेला पहिलवान. त्याला बाजूनें ढकला, तो हलतहि नाहीं. परंतु एकदां त्याचा एक पाय जमिनीवरून सुटला कीं त्याची ताकद वाढत नाहीं, घटत जाते. आणि पडला म्हणजे आपोआप उठत नाहीं. जोडनावेचें एक धड पाण्यावरून नुकतें सुटतें तो तिच्या बळाचा परमावधि. तेथून पुढें प्रत्येक अंशागणिक बळ कमी होत जातें. पुरती उलटली तर त्या उलट्या अवस्थेंतहि ती तितकीच स्थिर असते! भाराची नाव चालकास कलून कलून आधीं इशारा देते. जोडनावेचा इशारा फार उशिरा येतो. ज्यांच्या दहा पिढ्या तिच्यावर वाढल्या त्यांस हें अंगवळणीं पडलेलें होतें. ज्यांनीं ती नव्यानें बनवली त्यांस तें शिकावें लागलें, आणि शिकवणीचा मोबदला जबर होता.

युरोपांत पहिला शिकाऊ उमेदवार मोठा विद्वान् होता. सर विल्यम पेटी हा वैद्य, अर्थशास्त्रज्ञ, आयर्लंडच्या जमिनीची प्रचंड मोजणी करणारा, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकीं एक. त्यानें १६६२ मध्यें डब्लिन येथें दोन धडांची नाव बांधली. पुढच्याच वर्षीं त्याच्या दुसऱ्या जोडनावेनें डब्लिनहून वेल्सच्या किनाऱ्यावरील होलिहेडला जाणाऱ्या टपालनावेशीं पैज लावून ती जिंकली. तरी लोक हंसले. खुद्द राजा दुसरा चार्ल्स याला पेटीच्या नावेची थट्टा करण्यांत मोठी मौज वाटे. तथापि १६६४ च्या डिसेंबरांत तिसरी व मोठी जोडनाव पाण्यांत सोडण्यांत आली, तेव्हां राजा जातीनें हजर राहिला व त्यानें तिला ‘एक्स्पेरिमेंट’, म्हणजे ‘प्रयोग’, हें नांव दिलें. पुढें बिस्केच्या उपसागरांत एका भयंकर वादळांत ती माणसांसकट नाहींशी झाली. जॉन एव्हलिन या रोजनिशीकारानें त्याच वादळांत आणखी पंधरा जहाजें बुडाल्याची नोंद केली आहे. तीं पंधरा नेहमींच्या घडणीचीं होतीं. पण त्यांच्याबद्दल कोणी म्हटलें नाहीं कीं एकधडी जहाजांची कल्पनाच चुकीची. नव्या वस्तूचा पहिला अपघात हा तिच्या कल्पनेचा पराभव ठरतो, आणि जुन्या वस्तूचा शंभरावा अपघात केवळ दैव ठरतें! पेटी मात्र हटवादी. वीस वर्षांनीं, १६८४ मध्यें, साठी उलटल्यावर त्यानें ‘सेंट मायकेल दि आर्केंजल’ नांवाची चौथी जोडनाव डब्लिनला बांधली. तीहि चांचणींत फसली, आणि तीन वर्षांनीं पेटी वारला. माझ्या मतें त्याची अडचण बुद्धीची नव्हती, साहित्याची होती. दोन धडें दोन निरनिराळ्या लाटांवर चढतात तेव्हां त्यांना जोडणाऱ्या तुळया पिळवटून निघतात. काथ्याची बांधणी तें पिळणें सोसते. खिळे ठोकलेली ताठ ओकची तुळई सोसत नाहीं.

ही अडचण ज्यानें नीट ओळखली तो नॅथॅनिएल हेरेशॉफ. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत ब्रिस्टल गांवीं १८४८ सालीं जन्मलेला हा यंत्रज्ञ. १८७६ हें अमेरिकेच्या स्वातंत्र्याचें शंभरावें वर्ष. त्या उत्सवानिमित्त २२ जून रोजीं न्यूयॉर्कच्या समुद्रावर नौकांच्या शर्यती झाल्या. हेरेशॉफनें त्यांत सुमारें २५ फूट लांबीची ‘अ‍ॅमरिलिस’ नांवाची जोडनाव उतरवली. तिचीं दोन धडें जोडणारे सांधे त्यानें असे केले होते कीं प्रत्येक धड आपापल्या लाटेवर स्वतंत्रपणें वरखालीं व्हावें. वारा पडलेला असतां ती मागें राहिली. वारा उठतांच तिनें एकामागून एक सर्वांना मागें टाकलें. शर्यत संपतांच हरलेल्यांनीं तक्रार केली, आणि ही मुळीं शर्यतीची नौकाच नव्हे असें ठरून तिचें बक्षीस गेलें. पुढें अशा नावांस नेहमींच्या शर्यतींतून वगळण्यांत आलें. हेरेशॉफनें १८७७ च्या एप्रिलांत आपल्या रचनेचें पेटंट घेतलें, कांहीं जोडनावा बांधल्या, आणि मग तो एकधडी नौकांकडे वळला. १८९३ पासून १९२० पर्यंत अमेरिका कप या प्रसिद्ध करंडकाचें रक्षण करणारी प्रत्येक नौका त्याचीच होती.

या बंदीची गोष्ट सांगतांना लेखक बहुधा श्रीमंत क्लबवाल्यांच्या कोत्या मनास दोष देतात. दोष आहेच. परंतु एक गोष्ट मला त्यांच्या बाजूनेंहि म्हणावीशी वाटते. शर्यतीचे त्या काळचे नियम, मापें व सवलती भाराच्या नावांस धरून आंखलेल्या होत्या. निरनिराळ्या वर्गांतल्या नावांची तुलना त्या मापांनीं होई. ज्या नावेस भारच नाहीं तिला त्या तराजूंत घालणार कसें? क्लबवाल्यांचा अपराध बंदी घालण्यांत नव्हता; नव्या नावेकरितां नवा तराजू करण्याचा आळस हा त्यांचा अपराध. त्या आळसामुळें सुमारें सत्तर वर्षें जोडनाव हौशी लोकांच्या कोपऱ्यांत पडून राहिली, आणि ती सुरक्षितपणें कशी चालवावी याचें ज्ञानहि तेथेंच खुंटलें.

कोपऱ्यांतून ती बाहेर आली ती पुन्हा पॅसिफिकमध्यें. वुडी ब्राउन हा न्यूयॉर्कचा, पूर्वाश्रमींचा ग्लायडरपटु. हवाईस येऊन लाटांवर फळी चालवण्याच्या नादीं लागलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं त्याला सरकारी कामानिमित्त ख्रिसमस बेटावर जावें लागलें. तेथें त्यानें बेटवासीयांची जोडनाव पाहिली, आणि परत आल्यावर आल्फ्रेड कुमालाए या कारागिराच्या मदतीनें १९४७ मध्यें ३८ फुटांची ‘मनु काइ’, म्हणजे ‘समुद्रपक्षी’, बांधली. विमानबांधणींतली हलकी प्लायवुड आतां हाताशीं होती. पेटीला जें मिळालें नाहीं तें युद्धानें पुरवलें. ‘मनु काइ’चीं धडें एका अंगास चपटीं व दुसऱ्या अंगास फुगीर होतीं. त्यामुळें तळाशीं वेगळी फळी न लावतांहि नाव वाऱ्यानें आडवी सरकत नसे, आणि सरळ वाळूवर चढवतां येई. वाइकीकीच्या किनाऱ्यावरून तिच्यांत बसून हजारों प्रवासी फिरून आले. इंग्लंडांत एसेक्सच्या किनाऱ्यावर प्राउट बंधूंनीं १९५० नंतरच्या दशकांत ‘शिअरवॉटर’ ही लहान जोडनाव काढून शर्यतींत तिचा दबदबा बसवला, तो वेगळा प्रवाह.

परंतु जोडनाव घरोघर नेली ती होबर्ट ऊर्फ होबी ऑल्टर यानें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हा लाटांवरच्या फळ्या बनवीत असे. फेंसाळ प्लास्टिकवर काचतंतूचें कवच चढविण्याची विद्या तो त्या धंद्यांत शिकला होता. १९६८ मध्यें त्यानें १४ फुटांची जोडनाव बाजारांत आणली, आणि पाठोपाठ दोघांनीं चालवावयाची मोठी, साडेसोळा फुटांची ‘होबी १६’. हिची रुंदी आठ फुटांस थोडी कमी, वजन सुमारें १४५ किलो, शिडें दोन, मिळून सुमारें २० चौरस मीटर. दोन धडांच्या मध्यें एक ताणलेलें कापड, त्यावर बसावयाचें. धडें एका अंगास चपटीं. अशा एक लाखाहून अधिक नावा आजवर बांधल्या गेल्या आहेत. पेटीच्या नावेवर पट्टीचे खलाशी होते. होबीच्या नावेवर शनिवारीं कचेरी बंद करून आलेला कारकून व त्याची पत्नी होती. जिचें वागणें इतकें फसवें तिचा अनुभव अननुभवी माणसाच्या हातीं दिला गेला, यांत या इतिहासाचें खरें मर्म आहे असें मी समजतों. म्हणून अशी नाव कशी सजवतात व कशी हाकतात हें थोडें विस्तारानें सांगतों.

नाव वाळूवर असतांनाच तिचें तोंड वाऱ्याकडे करावें लागतें. धडांच्या मागच्या टोंकांस पाणी काढून टाकण्याचीं भोकें असतात, त्यांचीं बुचें घट्ट बसलीं कीं नाहीं तें पाहावयाचें. क्षुल्लक दिसणाऱ्या या बुचाच्या विस्मरणानें नाव अर्ध्या वाटेवर एका अंगानें जड होते, आणि जड झालेलें धड पाण्याखालीं जाऊं लागलें म्हणजे पहिलवानाचा एक पाय खड्ड्यांत गेलाच. मग डोलकाठी. ही अल्युमिनियमची, २६ फुटांहून उंच. तिचा बुंधा पुढच्या आडव्या नळीवर बसवून खिळीनें अडकवतात; दोन बाजूंच्या तारा आधींच दोन धडांस जोडतात; एकजण कापडावर उभा राहून काठी खांद्यावरून उचलतो, दुसरा समोरून दोरीनें ओढतो, आणि ती उभी राहतांच पुढची तार अडकवतात. तिन्ही तारांच्या खिळ्यांत बारीक कड्या असतात. एक कडी निसटली कीं खिळी निसटते, खिळी निसटली कीं तार, आणि तार गेली कीं भर वाऱ्यांत सारी डोलकाठी डोक्यावर. त्या कड्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची चाल यामुळेंच पडली. शिडें सर्वांत शेवटीं, नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी असतांनाच चढवावयाचीं. नाहींतर बिनचालकाची नाव वाळूवरच चालूं लागते.

पण काठी उचलण्यापूर्वीं एक काम करावयाचें असतें, आणि त्यास माणसांचे प्राण पडले आहेत: मान वर करून पाहणें. किनाऱ्यावरच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरून विजेच्या तारा जात. उभी केलेली धातूची काठी, किंवा ती उभी ठेवूनच ढकलत नेलेली नाव, त्या तारांस लागे. काठीवर हात असलेला माणूस तेथेंच संपे. अमेरिकेंत असे अपघात झाले, खटले झाले, आणि अखेर काठीचा वरचा भाग वीज वाहून न नेणाऱ्या काचतंतूचा करण्यांत आला. कुक आणि पेटी यांस ज्याची कल्पनाहि शिवली नसती असा हा धोका. समुद्रावर जाण्यापूर्वींच गांठणारा.

पाण्यांत शिरल्यावर पहिला अर्धा तास सगळें सोपें वाटतें. नाव ताठ, वेग भरपूर, अंगावर तुषार. वारा वाढला कीं वाऱ्याकडचें धड पाण्यावरून उचलतें, आणि चालक व त्याचा सोबती कमरेच्या पट्ट्यास तार अडकवून धडाच्या कडेवर पाय रोंवून बाहेर ओणवतात. यांतच सारी मौज. आणि मीं वर सांगितलेला बळाचा परमावधि तो हाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा दाब चौपट होतो, हें ज्याला पाठ नाहीं त्यानें या कडेवर उभें राहूं नये. म्हणून मोठ्या शिडाची ओढदोरी हातांत धरावयाची, खोबणींत अडकवून निश्चिंत बसावयाचें नाहीं. झोत आला कीं ती सैल सोडावी. वाऱ्याकडे तिरपें जात असतां नावेचें तोंड आणखी वाऱ्याकडे वळवलें कीं शिडावरचा दाब पडतो. वारा मागून तिरपा येत असतां मात्र उलट, वाऱ्याबरोबर वळावें लागतें. येथें घाबरून वाऱ्याकडे वळणारा उलटतो. याहून वाईट प्रकार म्हणजे वाऱ्याआडच्या धडाचें पुढचें टोंक पाण्यांत घुसणें. धडें बारीक, टोंकें त्याहून बारीक. वेगांत असतां टोंक लाटेंत शिरलें कीं नाव तेथेंच थबकते, मागची बाजू वर उसळते आणि तारेवरची माणसें गोफणींतल्या दगडासारखीं पुढें फेंकलीं जातात. यावर उपाय एवढाच कीं दोघांनीं आधींच मागें सरकून राहावें.

उलटली तर? डोलकाठीचीं टोंकें बंद केलेलीं असतात, त्यामुळें ती तरंगते आणि नाव कांहीं काळ आडवी पडून राहते. तेवढ्या अवधींत ती उठवावी. दोन्ही शिडांच्या दोऱ्या मोकळ्या करून नावेचें तोंड वाऱ्याकडे आणावें, वरच्या धडावरून दोरी टाकून खालच्या धडावर उभें राहावें, आणि दोरी धरून मागें झुकावें. वारा शिडाखालीं शिरला कीं तोहि हात देतो. दोघांचा भार लागतो. एकट्या हलक्या माणसानें ती उठत नाहीं, म्हणून त्यानें एकट्यानें दूर जाऊं नये. आणि या सर्वांच्या आधींचा नियम असा कीं नाव सोडावयाची नाहीं. अंगांत तरंगतें जाकीट असलें तरी सुटलेली जोडनाव वाऱ्यानें इतक्या वेगानें वाहात जाते कीं पोहणारा तिला गांठूं शकत नाहीं. मद्रासच्या कट्टुमरमवाल्याचा नियम तीनशें वर्षांनीं कॅलिफोर्नियाच्या कारकुनास नव्यानें शिकावा लागला.

पुढें मानसन्मान आले. १९७६ च्या ऑलिंपिकमध्यें ‘टॉर्नेडो’ जातीची जोडनाव शर्यतीस घेतली गेली. हेरेशॉफच्या बंदीस बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. २०१३ मध्यें अमेरिका कपच्याच शर्यती ७२ फुटी जोडनावांवर झाल्या. त्या शर्यतींच्या सरावांत, ९ मे रोजीं, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरांत एक नाव उलटून मोडली आणि तिच्याखालीं अँड्र्यू सिम्प्सन हा इंग्रज नाविक मरण पावला. २००८ च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळवलेला हा पुरुष. शिकाऊ म्हणण्याची सोय नाहीं.

शेवटची हकीकत पुन्हा माहेरची. १९७५ मध्यें हवाईत ‘होकुलेआ’ नांवाची सुमारें ६२ फुटांची जोडनाव जुन्या घाटावर बांधण्यांत आली. तिचीं धडें व तुळया दोरींनींच बांधलेल्या आहेत. १९७६ मध्यें मायक्रोनेशियांतील सातावाल बेटाचा मार्गदर्शक माउ पियाइलुग यानें होकायंत्रावांचून, तारे व लाटा पाहून, तिला ताहितीस नेलें. आपल्या पूर्वजांचीं बेटें योगायोगानें वसलीं असें ऐकत आलेल्या लोकांस त्या दिवशीं काय वाटलें असेल त्याची कल्पनाच करावी. पहिल्या सफरींत सोबतीस दुसरी नाव होती. १६ मार्च १९७८ रोजीं ती होनोलुलूहून पुन्हा ताहितीकडे निघाली तेव्हां सोबत नव्हती. वारा जबर होता, लाटा मोठ्या होत्या, आणि नाव सामानानें जड झालेली होती. रात्रीं एका धडांत पाणी भरलें आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती उलटली. खलाशी उलट्या धडांस धरून राहिले. सकाळीं त्यांतील एडी आयकाउ, वय ३१, हवाईच्या वाइमिआ उपसागरावरील नांवाजलेला जीवरक्षक, लाटांवरची आपली फळी घेऊन मदत आणण्यास लानाइ बेटाकडे निघाला. त्याच संध्याकाळीं वरून जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकास नावेवरून सोडलेला दारूचा बाण दिसला आणि नावेस धरून राहिलेले सारेजण वांचले. आयकाउ पुन्हा दिसला नाहीं.

नाव किनाऱ्यास ओढून आणली गेली. दोन वर्षें तयारी चालली. १९८० मध्यें नायनोआ थॉम्प्सन या हवाईच्याच तरुणानें यंत्रावांचून तिला ताहितीस नेलें व परत आणलें, आणि या वेळीं मागून एक सोबतीची नाव होती. ‘होकुलेआ’ वेळोवेळीं गोदींत येते, तेव्हां तिच्या बांधण्या सोडून धडें व तुळया तपासतात, आणि मग अनेक हात मिळून ती दोरी पुन्हा पहिल्यापासून आंवळतात.